ठेव वहिनींच्या नावावर

आमच्या कारखान्यातल्या भांडारप्रमुखाला सगळे ‘तराजू’ म्हणत. नवा बोल्ट हवा असेल तर आधी जुना, झिजलेला बोल्ट त्याच्या टेबलावर ठेवावा लागे. मी तिथेच हिशेब विभागात. दुपारचं जेवण आम्ही वर्षानुवर्षं एकत्र केलं, त्यामुळे त्याच्या घरची जमाखर्चाची बाजू मला जवळजवळ माझ्या घराइतकीच ठाऊक होती.

तो माझ्या सात वर्षं आधी निवृत्त झाला. नोकरीत असल्यापासून त्याचा एक नियम होता. शिल्लक पडेल ती रक्कम बायकोच्या नावावर ठेवायची. वहिनी घरी शिवणकाम करतात, त्यांची कमाई बेताची. त्यामुळे व्याजावर कर कापला जात नसे आणि त्याच्या हिशेबात हे चोख बसत होतं. त्याने कागदावर बोट ठेवायचं आणि वहिनींनी तिथे सही करायची. निवृत्तीची रक्कम आली, तीही त्याने याच वाटेने बँकेत नेली.

मग व्याजाचे दर उतरत गेले आणि औषधं, वीज, घराची देखभाल वर चढत गेली. दर महिन्याला मुद्दलाला थोडा हात लागू लागला. तराजूने हिशेब मांडला, तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खातं कोरडं पडत होतं. त्याचे वडील ब्याण्णव वर्षं जगले. पूर्वी ही गोष्ट तो अभिमानाने सांगायचा, आता धास्तीने सांगू लागला.

अशात त्याच्या बहिणीच्या मुलाची कंपनी पुढे आली. छोट्या दुकानदारांना कर्ज द्यायचं आणि पैसे ठेवणाऱ्याला महिन्याला दोन टक्के द्यायचे. हा दर आजच्या दिवसापुरता, उद्यापासून दीड. तराजूचा सकाळीच मला फोन आला.

“रजा टाक आणि घरी ये. ही सही करत नाहीये. तू हिशेबातला माणूस आहेस, तुझं ऐकेल.”

मी पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. बँक चारला बंद होणार होती. टेबलावर सगळ्यांत मोठी ठेव मोडण्याचा अर्ज पसरलेला, एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला तराजू. वहिनी खिडकीजवळ मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं.

“मामी, मी काय परका आहे का?” भाचा म्हणाला.

“परका असतास तर सोपं झालं असतं रे.”

“इतकी वर्षं न वाचता सह्या केल्यास,” तराजू म्हणाला, “आजच वाचायची हुक्की आली?”

“अहो, तेव्हा तुमचा पगार होता. काही चुकलंच तर पुढच्या महिन्यात भरून निघालं असतं. आता कशातून भरायचं?”

“भरायचंच म्हणून तर चाललंय हे! असं बसून राहिलो तर दहा-बारा वर्षांत हात पसरायची वेळ येईल.” तो माझ्याकडे वळला. “सांग हिला.”

मी कराचं सांगितलं. मुदतीआधी मोडली तर दंड लागेल, आणि साठलेलं सगळं व्याज एकाच वर्षात धरलं गेलं तर वहिनींनाही कर भरावा लागेल.

“चार महिन्यांत वसूल होतं ते,” भाचा हसत म्हणाला. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. आणि काहीच न करता निभेल असंही मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

वहिनींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “भावोजी, पुढच्या वर्षी तुमचीही रक्कम येईल. यात घालणार?”

“नाही.”

“थोडी?”

“थोडीही नाही.”

“का?”

तराजू माझ्याकडे रोखून पाहत होता. “कर्ज घेणारा कोण, ते मला दिसत नाही,” मी म्हणालो. “एवढं व्याज कबूल करणाऱ्याला बँक दारात उभं करत नसणार, एवढंच कळतं.”

“तुला पाठिंब्याला बोलावलं होतं मी!” तराजूचा आवाज चिरकला. तो बायकोकडे वळला. “पैसे माझे आहेत. आयुष्य घातलंय मी त्यात.”

“तुमचेच आहेत. पण उद्या तुम्हाला काही झालं तर मी याच्या दारात व्याज मागायला जायचं? बँकेने दिलं नाही तर मी मॅनेजरशी भांडेन, तक्रार करेन. याने दिलं नाही तर कुणाला सांगू? वन्संना? त्यांच्या पोटच्या पोराबद्दल?”

भाच्याचं हसू मावळलं. साडेतीन होऊन गेले होते. तराजू उठला, त्याने पेन वहिनींच्या बोटांत दिलं, अर्ज मशीनच्या फळीवर ठेवला आणि नेहमीसारखं सहीच्या जागी बोट टेकवलं. वहिनींनी ते बोट क्षणभर पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि अर्जावर आडवं ठेवून दिलं.

भाचा चपला घालून निघून गेला. तराजू घड्याळाकडे तोंड करून बसला. चार वाजले तसं वहिनींनी मशीन सुरू केलं. संध्याकाळी गिऱ्हाईक चेन बदललेली पँट न्यायला येणार होतं.

मुदत संपल्यावर वहिनींनी ती ठेव तीन वेगवेगळ्या मुदतींत विभागली, म्हणजे सगळी एकदम पडत्या दरात सापडू नये. त्या दिवशी त्यांनी बँकेत अर्ज ओळ न् ओळ वाचला. काउंटरवरचा मुलगा घड्याळ बघत बसला होता. तरीही महिन्याची तूट उरलीच. तराजू आता आठवड्यातले तीन दिवस एका गोदामात माल मोजायला जातो. माझ्याशी तो चार महिने बोलला नाही.

भाच्याची कंपनी बुडालेली नाही. तराजूच्या धाकट्या भावाने तिथे पैसे घातले आणि व्याज आलं की तो न चुकता फोन करतो. परवा मी तराजूकडे असतानाच फोन आला.

“दादा, आलं बरं का! या खेपेलाही वेळेवर.”

तराजूने फोन खाली ठेवला. “ऐकलंस?”

“ऐकलं. बरं झालं,” वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “त्यांना म्हणावं, एकदा मुद्दल मागून बघा.”

तराजूने फोन पुन्हा उचलला आणि तो हातात धरून बराच वेळ उभा राहिला. नंबर काही लावला नाही. मुद्दल मिळालं नाही तर भावाचं काय, आणि मिळालं तर आपल्या हुकलेल्या व्याजाचं काय, दोन्हीची त्याला सारखीच धास्ती वाटत असावी.