बोडीतली पंगत

माझ्या साडभाऊंच्या घरून उपाशी परत आलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि आपल्या पायांनी चालत परत आलेलेही फार थोडे पाहिले आहेत. सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून कोसभर आत त्यांचं गाव. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. लग्नाआधी आपण कोणत्या घरात पडतो आहोत याची चौकशी दोघींनीही केलेली नव्हती. मी गोंदियात शाळामास्तर, ते गावचे मालगुजार. त्यांना सगळे पाटील म्हणत, मीही म्हणत असे. ते मात्र मला साडभाऊ म्हणूनच हाक मारत, कारण नात्याने हाक मारली की समोरच्याला ताटावरून उठता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही पॅसेंजरने त्यांच्याकडे जात असू आणि त्यांच्या दमणीत आडवे पडून, बैलांच्या भरवशावर स्टेशनावर परत येत असू.

माणसाने तोंड उघडलं की त्याला भूक लागली आहे, एवढं एकच सत्य पाटलांनी आयुष्यात मानलं. त्यांच्यासमोर जांभई देण्याची सोय नव्हती. एकदा मी दुपारी ओसरीवर पेंगत असताना जांभई दिली, तर डोळे उघडण्याआधी माझ्या तोंडात लाखोरीच्या डाळीचा वडा होता. 'पुरे' म्हणायलाही तोंड उघडावंच लागतं, आणि उघडलेल्या तोंडाचा अर्थ त्यांना आधीच ठाऊक असल्यामुळे तो शब्द कोणाला पुरा उच्चारता आला नाही. नकार म्हणजे लाजणं, गयावया म्हणजे जास्तच लाजणं. "खाऊन घ्या ना, साडभाऊ, कायले लाजून राहिले? घर तुमचंच आहे," असं म्हणत ते वाढत जायचे. एका मयतीला गेलो असताना मयताचा भाऊ मोठ्याने रडत होता. पाटलांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "ह्याले सकाळपासून कोणी काही देल्लं का नाही?" माणूस दुःखानेही तोंड उघडतो, हे त्यांना पटवणारं त्या घरात कोणी नव्हतं. पाटलांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, म्हणजे ताई, फार पूर्वीच हरली होती. ती म्हणायची, "जवाईबापू, मी तर जेवताना मुकी झाली."

मग सरकारी कायदा आला आणि मालगुजाऱ्या गेल्या. गाव ताब्यात घ्यायला जो अधिकारी आला त्यालाही पाटलांनी आधी पाटावर बसवलं. चिन्नोरचा भात, वर तुपाची धार, तांदळाची खीर, आणि खिरीनंतर, तोंड गोड झालं म्हणून, पुन्हा भात. तो बिचारा सही घ्यायच्या ऐवजी ओसरीवर घोरत पडला, दिवस मावळल्यावर उठला आणि कागदांची पिशवी उशाला होती म्हणून बरं झालं म्हणाला. पाटलांची मालगुजारी त्या जेवणामुळे एक दिवस जास्त टिकली. दुसऱ्या दिवशी मात्र गाव गेलं, गावाबाहेरचा मोठा तलाव गेला, आणि हळूहळू पाहुणेही गेले. पूर्वी कामासाठी येणारी माणसं पंगतीला बसायची. आता काम तहसिलीत होऊ लागलं आणि तिथे कोणी वडे वाढत नव्हतं. पाटलांना गाव गेल्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पंगत मोडली याचं वाटलं, आणि ते तोंडावर दिसायचं.

त्यांच्याकडे राहिली ती परसातली बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडे लहान तळं. पण पाटलांची बोडी लहान म्हणण्यासारखी नव्हती. तिला एका बाजूने दगडी पायऱ्या होत्या, आणि एका काठावरून दिलेली हाक दुसऱ्या काठाला जरा दमूनच पोचायची. तिच्यात त्यांनी रोहू आणि कतला आणून सोडले. एकेकाळी हा माणूस माशांच्या रश्शावर ताव मारणारा. पण ज्या दिवशी माशांना पहिली मूठ टाकली त्या दिवसापासून त्यांनी मासे खाणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "पाहुण्याले जेवू घालावं का पाहुण्यालेच खावं?" सकाळी कोंडा आणि शिळा भात, दुपारी अळशीची ढेप, संध्याकाळी ताजा भात, सणाला पुरणपोळीचे तुकडे. पायरीवर त्यांची चप्पल वाजली आणि ते खोकले की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. मासे 'पुरे' म्हणत नाहीत. इतके समजूतदार पाहुणे त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते.

दोन वर्षांत बोडी हिरवी झाली. आधी काठाला शेवाळाची झालर आली, मग त्याच्या गोधड्या तरंगू लागल्या, आणि मग सगळं पाणीच पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. गोठ्यातलं शेणामुताचं पाणी उतारावरून बोडीत जायचं, ते बंद करा, असं मीच एकदा म्हणालो होतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मास्तराने मास्तरकीच करावी. गोंदियाच्या एका दुकानदाराने मोरचूद टाकायला सांगितलं. पाटील दुकानातून उठून आले. पाहुण्याच्या ताटात विष कालवा म्हणणाऱ्या माणसाचं तोंड त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, बदकं सोडा, शेवाळ खाऊन टाकतील. पाटलांनी डझनभर बदकं आणली. पण बदकं पोटासाठी शेवाळ खातात, हा विचार त्यांना सहन झाला नाही. त्यांनी बदकांनाही भात सुरू केला. आठ दिवसांत बदकांनी शेवाळाकडे पाहणं सोडलं, आणि जे बोडीत द्यायचं ते मात्र मोकळ्या मनाने देत राहिली. शेवाळ दुप्पट झालं.

त्या वर्षीच्या वैशाखात आम्ही त्यांच्याकडे होतो. एक-दोन मासे रोज उलटे होऊन तरंगतात, असं ताईने आल्या आल्या सांगितलं होतं. पाटलांना त्याचं कारण केव्हाच कळलं होतं: भूक. म्हणून त्यांनी कोंड्याची टोपली बदलून मोठी केली होती. तांबडं फुटायच्या सुमाराला त्यांनी मला हलवून उठवलं. "चला साडभाऊ, पंगत बसली." मी डोळे चोळत पायऱ्यांवर गेलो आणि जागाच झालो. सगळी बोडी तोंडांनी भरली होती. शेकडो मासे पाण्याच्या वर ओठ काढून, उघडमीट करत, एकाच जागी उभे. "पाहा, कसे वाट पाहून राहिले," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज असा ओला झाला होता, की जुन्या पंगती त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या असाव्यात. त्यांनी भाताच्या मुठी टाकल्या. एकाही माशाने घास घेतला नाही. भात त्यांच्या ओठांना लागून बाजूला सरत होता. "लाजून राहिले," पाटील मला समजावत म्हणाले, आणि पुन्हा टोपलीत हात घातला.

तेवढ्यात पारबताबाई आली. ही ढिवरांच्या मोहल्ल्यातली म्हातारी. मोठ्या तलावात जाळी टाकण्यात तिचा जन्म गेला होता, आणि बांबूने शेवाळ ओढायला ताईने तिला आदल्या दिवशीच बोलावलं होतं. तिने पाण्याकडे एकदा पाहिलं आणि बांबू खाली ठेवला.

"पाटील, बंद करा ते."

"काऊन?"

"मासोऱ्या मांगून नाई राह्यल्या. मरून राह्यल्या."

पाटलांची मूठ हवेतच राहिली. पारबताबाई समजावायला थांबणाऱ्यांतली नव्हती, पण त्या दिवशी ती थांबली. "रातभर ह्या हिरव्या काईनं पान्यातली हवा खाल्ली. तुमचा भात खाली सडून राह्यला, त्यानं उरलीसुरली खाल्ली. आता त्या दम घेयाले वरत आल्या. आन् तुमी त्याईच्या तोंडात भात कोंबून राह्यले. उतरा पान्यात."

आम्ही उतरलो. गावचे माजी मालगुजार आणि गोंदियाचे मास्तर छातीभर हिरव्या पाण्यात उभे राहून गुंड्या-घागरी भरभरून वरून ओतू लागलो, पारबताबाई बांबूने पाणी बडवू लागली, ताई आणि माझी बायको पायऱ्यांवरून बादल्या उपसून पुन्हा फेकू लागल्या. पाणी हललं की त्यात हवा मिसळते, एवढं मी वर्गात शिकवत होतो, पण धोतर सुटेपर्यंत कधी केलं नव्हतं. बदकं काठावर बसून आम्हाला पाहत होती. ऊन बोडीवर आलं तसे मासे एकेक करून खाली गेले. काही मात्र गेले नाहीत. ते पाटलांच्या आसपास पांढरी पोटं वर करून तरंगत राहिले.

पाटील पायरीवर येऊन बसले. दाढीला शेवाळ लागलं होतं, ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आतापर्यंत ज्या मेल्या, त्या..."

"भुकेनं एक नाई मेली," पारबताबाई म्हणाली. "तुमच्यानं मेल्या."

त्या घरात इतकं सरळ कोणी कधी बोललं नव्हतं. मला तिचा राग आला, आणि ती खरं बोलते आहे म्हणून जास्तच आला.

तिने सांगितलेली कामं त्याच दिवशी सुरू झाली. गोठ्याचं पाणी चर खणून धानाच्या शेतात, बांदीत वळवलं. ओढलेलं शेवाळही खत म्हणून बांदीतच गेलं. एका कोपऱ्यात पाण्यावर सावली धरायला कमळाचे कंद लावले, रोज सकाळी मोटेचं ताजं पाणी उंचावरून बोडीत पडू लागलं, बदकं जिथून आणली होती तिथे परत गेली. हे सगळं पाटलांनी मुकाट्याने मान्य केलं. अडलं ते एकाच ठिकाणी. पाण्यातली चौथी पायरी डोळ्यांना दिसेपर्यंत एक दाणाही टाकायचा नाही, असं पारबताबाईने बजावलं होतं. तीन दिवस ते ओसरीवर बसून राहिले. चौथ्या दिवशी ताईला म्हणाले, "माह्या खोकल्यानं येते ना त्या. रिकाम्या हातानं त्याईच्या समोर कसं उभं राहू?" आणि घरात बसलं तरी खोकला ऐकू जातोच, म्हणून ते दमणी जुंपून गोंदियाला आमच्याकडे राहायला आले.

ते दोन महिने आमच्या घरात मीच पाहुणा होतो. पाटील स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून माझ्याच घरात मला आग्रह करत. शाळेतली पोरं वह्या दाखवायला आली की खाऊनच जायची, आणि माझ्या वर्गात पाढे म्हणायला तोंड उघडणं त्यामुळे काही दिवस लोकप्रिय झालं. पण ताईचं पत्र आलं की ते आधी एकच ओळ शोधत: चौथी पायरी दिसली की नाही. तिसरी दिसते, असं तीन पत्रांत आलं. जेवताना मध्येच थांबून ते विचारत, "साडभाऊ, त्या सकाळी पायरीशी येत असतीन का हो?" मी येत नसतील म्हणायचो. ते त्यांना बरंही वाटायचं नाही आणि वाईटही वाटायचं नाही.

चौथी पायरी दिसल्याचं पत्र आलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो. बोडीचं पाणी निवळलं होतं. तळापर्यंत ऊन जात होतं, कोपऱ्यात कमळाची पानं पसरली होती, आणि त्यांच्या सावलीत मासे हिंडत होते, जाडजूड, चकचकीत, आपापल्या कामात असल्यासारखे. इतक्या वर्षांत त्यांची फक्त तोंडं पाहिली होती. अख्खे मासे असे हिंडताना आम्ही दोघंही पहिल्यांदाच पाहत होतो. ताई म्हणाली, "तुम्ही गेल्यापासून एक नाही मेली." पाटलांनी चप्पल वाजवली. काही झालं नाही. ते खोकले, मग पुन्हा, जरा मोठ्याने खोकले. कमळाखालचा एक मोठा रोहू वळला, पायऱ्यांच्या दिशेने निम्मं पाणी ओलांडून आला आणि थांबला. पाटलांनी दोन्ही हात मागे नेले. रोहू थोडा वेळ तिथेच शेपूट हलवत राहिला आणि मग परत सावलीत गेला.

"जेवलेला दिसून राहिला," पाटील म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोणाबद्दल असं म्हटलं होतं. मला त्यांची फार माया आली. ते हात तसेच मागे बांधून बराच वेळ पायरीवर उभे होते.