जवळ्याच्या जाळीचा तुकडा

माझा नवरा वारल्यावर मी त्याच्या फोटोला सगळं सांगायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची होडी बुडाली, सगळं. पण ही गोष्ट त्या फोटोलाही सांगितली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या दारात येणार नाही.

मी मासे विकणारी बाई. चौथीपर्यंत शाळा, पुढे टोपली. नवऱ्याने मागे एक जुना टेम्पो ठेवला होता. आमचे बांगडे, सुरमई बर्फात घालून तो आंबोलीच्या घाटाने वर बेळगावला जायचा. चालवायचा बाबल. आमच्याच वाडीतला, मला काकी म्हणणारा. आणि टेम्पोचं दुखलं-खुपलं बघायचा सदू मेस्त्री. सदू हा बाबलचा मेहुणा — बाबलची बायको शालू ही सदूची धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, सदूनेच तिला वाढवलं. हे लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने सगळंच गंजतं. टेम्पोची डिझेलची टाकी आतून गंजली होती. टाकीत एक नळी तळापर्यंत सोडलेली असते, तिच्यातून इंजिन डिझेल ओढतं. नळीच्या तोंडाला बारीक जाळी असते, कचरा वर जाऊ नये म्हणून. आमची जाळी जुनी, तारेची, ती फाटली. गंजाचे कपटे नळीत जायचे आणि टेम्पो मध्येच आचके देऊन बंद पडायचा.

सदू म्हणाला, आता जुन्याला ठिगळ लावण्यात अर्थ नाही. नव्या तऱ्हेची मोठी गाळणी मिळते, ती घालू. पण नळी कापून नवा जोड द्यायला हवा, टाकी उतरवून धुवायला हवी. दिवस मोडेल.

बाबल तर हटूनच बसला. "काकी, ती जाळी बदलल्याशिवाय मी घाट चढूचंय नाय. घाटात गाडी बंद पडली तर माका दरीत शोधूक कोण येतलो? तू?"

"येयन मगे," मी म्हटलं. "टोपली घेऊनच येयन."

तो हसला. पण चावी खुंटीला लावून गेला.

त्या संध्याकाळी सदू आला तो पिऊन. पिणारा होता तो, लपवायचं कशाला? पुड्यातली नवी गाळणी माझ्या हातात दिली, सकाळी येऊन बसवतो म्हणाला, आणि माझ्या अंगणातच आडवा झाला. पुढे केव्हातरी उठून गेला. सकाळी काही आला नाही.

आणि सकाळी बांगडा भरपूर मिळाला होता. बर्फ भरून झाला होता. बर्फ कोणासाठी थांबतो का? मेस्त्री पिऊन पडलाय हे बांगड्याला कुठे कळतं?

मग मी काय केलं — सांगते. आडून आडून किती फिरायचं?

नवरा टाकी उघडायचा तेव्हा बॅटरीचा उजेड धरून मीच उभी असायची. स्क्रू कुठले, नळी कशी वर येते, मला ठाऊक होतं. मी नळी काढली. नवी गाळणी जुन्या नळीला बसेना. मग घरातली जवळा पकडायची जाळी घेतली. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी. तिची जाळी इतकी दाट की तिच्यातून वाळू गाळावी. जन्म जाळ्यांत काढलेला, जाळ्याचं मला कोण शिकवणार? चौकोनी तुकडा कापला, दुहेरी केला, नळीच्या तोंडावर ओढून घेतला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधला. होडीवर आम्ही सगळं ट्यूबच्या पट्टीनेच बांधतो. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहते, सुटत नाही.

पण टाकीत पाणी नसतं. डिझेलात रबर फुगतं, मऊ होतं, चिखल होतो त्याचा. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं ते सोडा. पुढचं ठाऊक असून केलं.

बाबल आला. विचारलं, "बसवल्यान मां मेस्त्रीन?"

"व्हय, रातीच बसवल्यान," मी म्हटलं.

एवढंच. माझ्या भरवशावर तो घाट चढला नसता. मेहुण्याच्या हातावर चढला.

पुढच्या दोन-चार खेपा छान गेल्या. टेम्पो एकदाही अडला नाही. बाबलने नाक्यावर सदूच्या पाठीत थाप मारली, "जाळी बरी बसवलंस रे, मेस्त्री!" मी तिथेच मासे मांडून बसले होते. सदूच्या तोंडाकडे पाहत होते. त्याला आठवत नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं. क्षणभर गोंधळला. मग हसून म्हणाला, "मगे? हात कोणाचो आसा!"

फुकटची शाबासकी कोण टाकतो? त्याने घेतली. मी घेऊ दिली. त्या वेळी मला गंमत वाटली होती — हेही लिहूनच टाकते.

मग घाटात, भर दुपारी, धुक्यात टेम्पो वळणावर बंद पडला. बाबल उतरून मागच्या चाकाला दगड लावत होता. मागून ट्रक आला. धुक्यात त्याला वाकलेला माणूस दिसला नाही.

बाबल वाचला. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

टेम्पो ओढून आणून माझ्या अंगणात लावला. कोणी बघायच्या आधी मी टाकी उघडली. नळीच्या तोंडात जाळी गोळा होऊन आत ओढली गेली होती. ट्यूबच्या पट्टीचा काळा चिकट गोळा झाला होता. मी ते सगळं उपसून चुलीत घातलं. रबराचा वास दिवसभर घरात होता. शेजारीण विचारायला आली, काय गो जळतं? मी म्हटलं, चप्पल.

गावात एकच बोलणं. मेस्त्रीने पिऊन काम केलं, जाळी धड बसवली नाही, मेहुण्याचा पाय घेतला. सदू काय बोलणार? चारचौघांत शाबासकी घेतलेली. तो माझ्याकडे आला, त्या दिवशी न पिता. दारातच उभा राहिला. म्हणाला, "वैनी, खरा सांग. माका आठवणा नाय. ती जाळी मियाच बसवलंय मां?"

नवी गाळणी त्या वेळी माझ्या पाठीमागे भाताच्या कणगीत होती, पुड्यासकट.

मी म्हटलं, "तूच बसवलंस. मगे कोण बसवतलो?"

त्याने मान हलवली आणि गेला. भांडला असता तर? मी तरीही खोटंच बोलले असते.

बाबलला बरं वाटावं म्हणून देवळात गाऱ्हाणं घातलं. सगळी वाडी जमली. आमच्याकडे एकजण देवापुढे उभा राहून मागणं मागतो आणि बाकीचे त्याला होकार देतात. नारळ ठेवला. गावकऱ्याने हात जोडून सुरू केलं. शेवटी म्हणाला, "ज्या हातान ही चूक जाली आसात, तो हात तू बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

सदू पुढेच उभा होता. तोही ओरडला. स्वतःच्याच हाताला देवापुढे शाप मागून घेतला त्याने. आणि मी? बायकांत माझाच आवाज मोठा होता. माशाचा बाजार केलेला आवाज.

माझ्या हाताला काही झालं नाही. अजून सुरी धरते.

सदूने दारू सोडली. लोक म्हणतात, बरं झालं, शिक्षेने सुधारला. त्याने गॅरेजही सोडलं. पाना उचलायचा आणि तसाच खाली ठेवायचा. शालूने भावाशी बोलणं तोडलं. चवथीला माहेरच्या गणपतीला जाणं बंद. भाऊबीजेला तो वाटेपर्यंत यायचा, त्यांच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणाबाहेर उभा राहायचा आणि परत जायचा. माझं घर त्याच वाटेवर आहे. मी बघायची.

यंदा सदू गेला. निरोप आला तेव्हा शालू आधी माझ्याकडे आली. बाबलने तिला अडवलं नव्हतं, तुझं तू बघ म्हणाला होता. मी मागच्या दारी बांगडे साफ करत होते. ती उंबऱ्यावर बसली, पदराचं टोक पिळत. तिला जायचं होतं. तोंडावर दिसत होतं. कोणीतरी जा म्हणायला हवं होतं फक्त.

"काकी," म्हणाली, "जाव काय नको?"

एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं सोपं काही विचारलं नव्हतं. नुसतं जा म्हटल्याने माझं काही बाहेर पडणार नव्हतं. पण ती तिथे जाऊन रडली असती, भावजयीच्या गळ्यात पडली असती, जुनं निघालं असतं, कोणीतरी त्या संध्याकाळची आठवण काढली असती — पुडा कोणाच्या हातात दिला होता, ती नवी गाळणी गेली कुठे. एवढं सगळं माझ्या डोक्यात एका बांगड्याचं पोट फाडेपर्यंत आलं.

मी मान वर न करता म्हटलं, "ज्या हातान तुझो घोव लंगडो केल्यान, त्या हाताक पाणी सोडूक जातंस?"

तिने पिळलेला पदर सोडला. मग उठली आणि आपल्या घरी गेली. भावाकडे गेली नाही.

मी उरलेले बांगडे साफ केले.