काळ्या मंजनाचा तपास

वार आठवडी बाजाराचा. ठिकाण सोनपेठ. ठाण्यात हजर: मी म्हणजे ठाणे अंमलदार, आमचे हवालदार आणि एका खासगी दवाखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावरच्या अभियंता मॅडम. ती सकाळ मी विसरलेलो नाही. हवालदार तर मुळीच नाहीत.

मॅडमची फिर्याद होती, वापरलेल्या कोळशाची पोती चोरीला गेल्याची. कोळसा म्हटल्यावर मला इस्त्रीवाला आठवला. मॅडमनी नीट समजावलं. रुग्णांच्या पोटातून आलेले औषधांचे अंश नेहमीच्या टाक्यांत पूर्ण निघत नाहीत. म्हणून शेवटी पाणी खास कोळशाच्या थरातून सोडतात. औषध कोळशाला चिकटतं, पाणी स्वच्छ होतं. पुढे तो कोळसा मोठ्या भट्टीत जाळायला पाठवावा लागतो.

बोलता बोलता त्या थांबल्या. हवालदार हसत चहा पुढे करत होते.

"दादा, दात कशानं घासता?"

"बाजारातलं काळं मंजन, मॅडम. लय भारी हाय. बघा की!"

हिरड्यांच्या कडेनं काळी रेघ होती. खबऱ्याशिवाय मिळालेली ही माझी पहिली खबर. हवालदार चुळा भरायला पळाले ते बराच वेळ आलेच नाहीत.

दोन पंच आणि मॅडमना घेऊन बाजार गाठला. मंजनवाला म्हातारा निर्धास्त होता. मागच्या पोत्यांवर दवाखान्याची खूण होती. पंचनामा करून मुद्देमाल सील केला.

"चोरीचा कसा, साहेब? जावयानं दिला. दवाखान्यातच कामाला हाय. आमी कुटून, लवंग घालून इकतो. घरात समदे ह्यानंच घासतेत. पोरगी बाळंतपणाला आली हाय, ती बी."

मॅडमचा चेहरा पडला.

जावयाला बोलावून घेतलं. अडाणी नव्हता, प्रकल्पावर पाळीनं काम करायचा. "कोळसा नवा आहे, दुकानातून घेतला," यावर तो अडून बसला. आवाज चढवून असा माणूस बोलत नाही. मी मंजनाची पुडी त्याच्यापुढे उघडली.

"नवा आहे ना? मग घासा दात."

त्यानं तोंड गच्च मिटलं.

"तुमची बायको तर रोज घासते. सासरे सांगत होते."

तो ताडकन उठला. "मामाला म्हणलं हुतं, घरात वापरू नका! फोन द्या, साहेब, आधी फोन द्या!"

"का वापरू नका, ते सांगितलं होतं?"

तो खाली बसला. कबुली तिथेच झाली.

पोरीला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. काही बिघडलं नव्हतं. पुढे मुलगी झाली. पेढे घेऊन म्हातारा ठाण्यात आला, तेव्हा हवालदारांनी आधी पेढा हुंगून पाहिला. विकलेल्या पुड्या परत मागायला दवंडी दिली, तर पोखर्णीच्या एक आजी माझ्याशीच भांडल्या: "दात पांढरे झाले म्हून तुमच्या पोटात दुखायलंय व्हय?" टूथपेस्टची ट्यूब घेऊनच त्यांनी पुडी सोडली.

या तपासानं मला एक धडा दिला. पाणी स्वच्छ झालं म्हणून घाण संपत नाही. ती पाण्यातून निघून दुसरीकडे जाते. ती कुठे गेली, हे शेवटपर्यंत विचारायचं.

ते शेवटपर्यंत माझ्याच्यानंही झालं नाही. जप्त पोती जाळायला पाठवण्याची परवानगी मी निवृत्त होईपर्यंत आली नव्हती. नव्या साहेबांनी कागद पुन्हा पाठवलेत म्हणे. पोती अजून मुद्देमाल खोलीत आहेत. सोमवारी परत फोन करायचा आहे.