नावावर टाकलेलं फडकं

बोरिवलीत सायकलींच्या एका मोठ्या दुकानाबाहेर एक मेकॅनिक बसतो. नवी माउंटन बाइक चालवून बघायला बाहेर काढली, की लोक आधी त्याला दाखवतात. तो पहिल्यांदा फ्रेमवरच्या कंपनीच्या नावावर आपलं काळं फडकं टाकतो. "आता बोला साहेब, चांगली आहे का?" मग वेल्डिंगच्या सांध्यांवरून नख फिरवतो, चाक उचलून फिरवतो आणि ब्रेक दोनच बोटांनी दाबतो. "अख्खा पंजा आवळावा लागला, तर घ्यायची नाय. उतारावर हात थकतो ना."

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन गेलो, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "आधीची सायकल होती ना? तिचं काय झालं?"

"आरे कॉलनीच्या उतारावर ही पडली. हात मोडला."

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं: हिनंच जोरात पळवली. चार वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आलो होतो. पण नाव झाकलेल्या त्या सायकलीसमोर मला ते बोलवेना.

"ब्रेक लागत नाही, असं हिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "मीच म्हणालो, एवढी मोठी कंपनी आहे, तुलाच दाबता येत नाही. चूक माझी होती."

मेकॅनिकनं हँडल मुलीकडे वळवलं.

"चार वर्षं लागली रे बाबा तुला!" ती म्हणाली. "सरक आता. ब्रेक मी बघते."

मी सरकलो.