जेली झालेला प्रयोग

चाळीसगाव स्टेशनवर दिल्लीची गाडी हलली, तेव्हा अप्पा खिडकीचा गज धरून चार पावलं सोबत चालले. टायर रिमोल्डिंगच्या आमच्या दुकानातून ते तसेच आले होते. नखांत काळं रबर. "घाई करू नकोस. रुळायला वेळ लागतो," एवढंच म्हणाले.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करू लागले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दुसऱ्या वर्षी माझ्या परीक्षानळीत स्फटिक यायला हवे होते, ते आलेच नाहीत. सगळं जेलीसारखं गोठलं. माझे गाईड सर म्हणाले, "गंदगी है, फेंक दो."

मी फेकलं नाही. नळी गरम पाण्यात धरली, जेली विरघळली. गार झाल्यावर पुन्हा जमली. दहादा केलं, दहाही वेळा तेच.

पुढचं दीड वर्ष मी त्या जेलीच्या मागे होते. आमच्या रेणूंत बेंझीनसारखी सपाट कडी होती. ती चवडीसारखी एकावर एक बसत आणि नुसत्या आपसातल्या आकर्षणावर लांबच लांब तंतू तयार होत. दोन रेणूंमध्ये पक्का रासायनिक बंध एकही नाही, तरी पॉलिमर! सुप्रामॉलिक्युलर पॉलिमर. पातळ करून, तापवून मी ते पुन्हापुन्हा तपासलं. शेवटी भर सेमिनारमध्ये सर उभे राहिले. "मैंने फेंकने को कहा था. अच्छा हुआ, इसने सुना नहीं." त्या संध्याकाळी मावशीने श्रीखंड केलं.

अप्पा दिल्लीला आले तेव्हा त्यांना नळी दाखवली. उलटी केली तरी जेली पडेना. मग तापवली.

"आमचं रबर तापवल्यावर धरतं, मग काही केल्या सुटत नाही. तुझं सुटतं?"

"आणि गार झालं की आपोआप धरतं."

त्यांनी गार झालेली नळी स्वतः उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे मला जमत नाही ते तुला जमतं." एवढी शाबासकी मला पुढे कुणीच दिली नाही.

बाजार खुला झाला, गुडगावात मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी लागले. आज ती लॅब मीच चालवते. पण गावाकडचे लोक "घरी कधी येतेस?" विचारायचे आणि मीही चाळीसगावचीच तारीख सांगायचे. गुडगावला माझा फ्लॅट होता, घर नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आई-अप्पा कायमचे इथे आले. महिनाभरात आईला गावच्या शेजारणीला फोनवर सांगताना ऐकलं, "आत्ता नको गं येऊस, आमच्याकडे थंडी फार. होळीला ये. लॅब दाखवते तुला, आमची मुलगीच साहेब आहे तिथली!"