आसेगावची बावडी

रामाजी माळी वांग्याच्या वाफ्यातून गांडुळं वेचत होता आणि चुन्यात टाकत होता. त्याच्या डाव्या पायाला पट्टी होती. पट्टीत एक काडी, आणि काडीला गुंडाळलेला पांढरा दोऱ्यासारखा नारू.

"गांडुयं काहून मारता?" मी विचारलं.

"हेच तं पायात घुसते, सायेब. वाफ्यात पाणी सोडून उभा राह्यलो का नारू तोंड काढते. दरसाल उन्हाया असाच जाते माहा."

मी तेव्हा सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. ड्यूटी आसेगाव भागात. तिथे पायऱ्यांची बावडी होती. लोक पाण्यात उतरूनच घागर भरत. वरून ऑर्डर आली होती, नारू थांबवायला बावडी बुजवा. गावाला पिण्याचं दुसरं पाणी नव्हतं.

मी रामाजीला समजावलं: गांडूळ माती खातं, मातीत राहतं. जंत आतड्यात राहतात. नारू कातडीखाली वाढतो. नारूवाला पाण्यात उतरला की नारू तिथे पिल्लं सोडतो. पाण्यातले बारीक जीव ती पिल्लं गिळतात. आपण ते जीव पाण्याबरोबर पितो. वर्षभरानं पायाला फोड येतो.

रामाजीला हे पटेना.

मी म्हटलं, "चंपालाल शेठच्या घरी कोणाला नारू नाही. पाणी तर याच बावडीचं."

"शेठ गादीवर बसते. चिखल कायले तुडवन?"

"त्यांचा गडी सखाराम तर तुडवतो. अनवाणी. त्यालाही नारू नाही."

रामाजी थांबला. सखाराम शेठकडेच जेवत होता, तिथलंच पाणी पीत होता. शेठ जैन. त्यांच्याकडे दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय पाणी कोणी तोंडाला लावत नसे.

रामाजीची बायको गिरजाबाई वाफ्याच्या कडेनं म्हणाली, "आता सोडा त्या गांडुयाईले. त्याईनं तुमचं का खाल्लं?"

मी साहेबांना भेटलो. ते हेल्थ ऑफिसर होते.

"एक वर्ष द्या, सर. लोक पाणी गाळतील, नारूवाला पायरी उतरणार नाही."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाला तर?"

"तर बुजवा."

अडचण शेठकडे आली. गाळणं ते परत बावडीतच धूत, जीव मरू नयेत म्हणून. मी हरकत घेतली. शेठ हात जोडून म्हणाले, "साहेब, हे मात्र सुटणार नाही." विचार केल्यावर हरकत मागे घेतली. नारूवाला पाण्यात उतरला नाही, तर त्या जिवांना गिळायला पिल्लंच मिळत नाहीत. जीव जगले तरी चालतील.

होळीपासून सुरुवात झाली. पायऱ्यांवर बायकांनी आळीपाळीनं पहारा ठेवला. नारूवाल्याची घागर दुसऱ्यानं भरायची. घरोघरी जुन्या धोतरांची गाळणी झाली. "आमी बी शेठ झालो," असं म्हणत लोक पाणी गाळू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब तपासणीला आले. मी घर न् घर दाखवलं. एकही नारू नव्हता. रामाजी घरी सापडला नाही, वांगी घेऊन वाशीमच्या बाजाराला गेला होता. पायी.

शेवटी साहेब बावडीवर गेले. बूट काढून उतरू लागले, तोच गिरजाबाईनं हात आडवा केला.

"पाय दाखवा, सायेब. नारू असन तं उतरू देत नाही."

साहेबांनी दोन्ही पाय दाखवले. मग खाली जाऊन पाणी पाहिलं आणि वर येऊन ऑर्डर रद्द केली.

कोणत्याही किड्याचा बंदोबस्त करायचा, तर आधी त्याचा पत्ता नीट विचारून घ्यावा. नाहीतर बावडी जाते आणि नारू राहतो.