यादीबाहेरची फाईल

सकाळी साडेनऊला येऊन पाहतो तर बिल्ड लाल. आदल्या संध्याकाळी मी स्वतः हिरवं पाहून घरी गेलो होतो. मधल्या वेळात कोणी कोडची एक ओळ लिहिली नव्हती. तरी लाल. महिन्यातली ही तिसरी खेप.

हे लाल-हिरवं काय ते आधी सांगतो. साल दोन हजार सहा-सातचं असेल. वर्ध्यात आमच्या मालकांच्या, सेठजींच्या, दुकानावरच्या मजल्यावर आमचं पाच माणसांचं सॉफ्टवेअर ऑफिस होतं. कापसातून सरकी काढणारे जिनिंग कारखाने असतात, त्यांच्या वजनकाट्यावरच्या पावत्यांचा प्रोग्राम आम्ही करायचो. सगळ्यांचा कोड एका जागी जमा होतो, तिला रिपॉझिटरी म्हणतात. तिथे कोणी काही टाकलं की एक जुना पीसी आपोआप तपासणी करायचा, तिला आम्ही बिल्ड म्हणायचो. प्रोग्राम उभा राहतो का, वजनं बरोबर येतात का, फोल्डरमध्ये ठरलेल्या यादीबाहेरची फाईल तर नाही ना. ही शेवटची अट मी मुद्दाम घातली होती, कारण एकदा कोणीतरी तिथे गाणी ठेवली होती. सगळं ठीक तर हिरवं, नाहीतर लाल. आणि लाल असताना गिऱ्हाइकाची सीडी निघणार नाही.

हे सगळं मी एकट्याने बसवलं. मी समुद्रपूरच्या भाजीवाल्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. पुण्याचे लोक करतात ते वर्ध्यात बसून केलं, याचा मला अभिमान होता. आजही आहे.

लॉग, म्हणजे पीसीने ठेवलेली नोंद, उघडला. कारण दरवेळी एकच. फोल्डरमध्ये 'न्यू टेक्स्ट डॉक्युमेंट' नावाची एक फाईल. आत काय? काही नाही. एक अक्षरही नाही. डिलीट केली की हिरवं. आठवडाभराने फाईल पुन्हा हजर. कोणी टाकली, तर लॉग म्हणतो, 'ऑफिस'. आमचा सगळ्यांचा लॉगिन एकच होता ना. पाच माणसांना पाच पासवर्ड कशाला, हेही माझंच डोकं.

व्हायरस समजून पीसी फॉरमॅट केला. तपासणीची स्क्रिप्ट दोनदा नव्याने लिहिली. फाईल येतच राहिली. मग वेळा पाहिल्या. दरवेळी नऊच्या आसपास. त्या वेळी आमच्या पाचांपैकी नवी लागलेली वैशाली एकटीच ऑफिसात असायची. ती आंजीहून पहिल्या एसटीने यायची.

"वैशाली, सकाळी रिपॉझिटरीत काय टाकतेस?"

"काहीच नाई सर."

"मग फाईल काय आभाळातून पडते?"

"मले काय माहीत? मशीन तुमचं आहे, त्यालेच विचारा ना."

हे उत्तर मला झोंबलं. तिची सहा महिन्यांची प्रोबेशन त्या महिनाअखेर संपणार होती. मी सेठजींना एक पानाची नोट दिली: कामात निष्काळजी आहे, कायम करू नये. सेठजींनी ती वाचून पेपरवेटखाली ठेवली. "पोरगी तर हुशार दिसते बाप्पा. पाहू."

पाच माणसांच्या खोलीत असं काही लपत नाही. वैशालीने आमच्यासोबत चहा घेणं बंद केलं. नोकरीला लागलेली तिच्या घरातली ती पहिलीच. हे मला माहीत होतं आणि तरी मी नोट दिली.

आता पुरावाच हवा म्हणून शनिवारी मी जुना लॉगिन बंद केला. प्रत्येकाला वेगळा दिला. सेठजींच्या पासवर्डचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. सोमवारी साडेआठलाच येऊन बसलो. वैशाली जागेवर होती. थोड्या वेळाने दुकानातली पूजा आटोपून सेठजी रोजच्यासारखे अगरबत्ती घेऊन वर आले, सगळ्या मशीनींपुढे फिरवली आणि कोपऱ्यातल्या पीसीवर कापसाचे भाव पाहायला बसले.

"रमेश, इकडे येजो. हे मले आत काऊन घेऊन नाई राह्यलं?"

जाऊन पाहिलं. पासवर्डची खिडकी उघडी होती. मागे रिपॉझिटरीत टाकण्यासाठी तयार असलेली फाईल. न्यू टेक्स्ट डॉक्युमेंट.

"सेठजी, ही फाईल तुम्ही टाकता?"

"मंग कोण टाकणार? प्रस्थान आहे ते."

प्रस्थान म्हणजे असं. चांगला दिवस आज, पण निघायचं चार दिवसांनी. तर आजच सुपारी-अक्षता बांधून शेजारच्या घरी ठेवायच्या. प्रवास आजच सुरू झाला असं धरतात. सेठजींच्या घरातून त्याशिवाय माल कधी निघाला नाही. आधी ते सीडीच्या कव्हरात सुपारी ठेवायचे.

"तूच म्हटलं ना, माल आता या फोल्डरातून निघते? त्यात सुपारी कशी ठेवू? म्हणून कोरी फाईल. राइट क्लिक तूच शिकवलं."

"सेठजी, मी ती डिलीट करत होतो."

"माहं प्रस्थान तू फेकून देत होता?" त्यांच्या हातातली अगरबत्ती तशीच राहिली. "तरीच म्हटलं, हिंगणघाटची डिलिव्हरी सारखी काऊन अटकून राह्यली!"

डिलिव्हरी अडकली होती ती बिल्ड लाल होतं म्हणून. बिल्ड लाल होतं प्रस्थानामुळे. आणि त्यांच्या मते डिलिव्हरी अडकली ती प्रस्थान मोडल्यामुळे. मी समजावायला लागलो आणि मधेच माझं मलाच कळेना, कशामुळे काय झालं. मालक कोडला हात लावत असेल, हे तीन आठवड्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काम दहा मिनिटांचं निघालं. त्या फाईलचं नाव यादीत घातलं. हिरवं. सेठजींनी पेपरवेटखालची नोट मला परत दिली आणि वैशालीला कायम केलं.

मी तिच्या टेबलापाशी गेलो. "चुकलं माझं."

"तक्रार लेखी होती ना सर?" तिने वरही पाहिलं नाही. "मंग हे बी लेखी द्या. माह्या फाईलले लावतो मी."

लिहून दिलं. अर्धं पान. स्क्रिप्टपेक्षा जास्त वेळ लागला. तिने नीट वाचलं, एक शब्द बदलायला लावला, तारीख घालून घेतली.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी अशा तपासण्या बसवल्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा लॉगिन वेगळा करतो, मालकाचाही. तपासणी नंतर.